एकसारखी मशिनं

४ फेब्रुवारी

मुंगी आजही हरली. हरली तीही घरच्याच माणसाकडून, माझ्या मेहुण्याच्या वावटळीकडून. सलग चौथं वर्ष. परत येताना बसमध्ये मेहुणा शेजारी बसून बारीक शीळ घालत होता. मी दोन थांबे आधीच उतरलो आणि चालत घरी आलो.

मुंगी म्हणजे मी लिहिलेला बुद्धिबळाचा प्रोग्रॅम. चौदा वर्षं रोज सकाळी ऑफिसच्या आधी तिच्यावर बसतोय. वावटळ मेहुण्याची. वर्षातून एकदा आमच्या मंडळाची स्पर्धा असते. त्यात हे प्रोग्रॅम आपसांत खेळतात, आणि आम्ही माणसं शेजारी बसून त्यांच्या चाली पटावर मांडतो. मशीन ज्याचं त्यानं आणायचं, आणि सगळी गोम तिथंच आहे. मुंगी चालते आमच्या जेवणाच्या टेबलाच्या कडेला ठेवलेल्या पेटीवर. मेहुणा आहे हवामान खात्यात. तो लॅपटॉप उघडतो, वायर भिंतीत खोचतो, आणि वायरीच्या पलीकडे वादळांची गणितं करणारं खोलीएवढं मशीन असतं. याला स्पर्धा म्हणायचं?

मी वजनमाप खात्यात तपासनीस आहे. पारड्याला खालून अंगठा लावणारा दुकानदार मी लांबूनच ओळखतो. इथं तर अख्खा हात लावलाय, आणि लोक टाळ्या वाजवतात.

मला चषक नको. देवाशप्पथ नको. मला एकदाच कळायला हवं, मुंगी खरंच कशी आहे. चौदा वर्षं मी काही केलं, की नुसतीच सकाळची झोप घालवली?

जेवताना हे सगळं बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं."

ठीक आहे. यंदा अंगणच सरळ करून घेतो. मग बघू कोणाला नाचता येतं.

९ फेब्रुवारी

मंडळाच्या अध्यक्षांना भेटलो. ते दंतवैद्य आहेत, त्यामुळे भेटायला दाताचंच निमित्त करावं लागतं. तोंड उघडं असताना मला बोलता येईना, त्यामुळे मुद्दा मांडायला फार वेळ गेला. शेवटी चूळ भरून सांगितलं: सगळ्यांनी मंडळाच्या मशीनवर खेळायचं. एकसारखी मशिनं, एकाच दिवशी आणलेली, एकाच बनावटीची. ते म्हणाले, "सभेत मांडा. आणि गोड कमी खा."

बायकोला सांगितलं तर म्हणते, "छोटूला ते ऑफिसचं मोठं मशीन आता मिळत नाही ना पण? मागेच म्हणाला होता."

चाळिशी उलटलेल्या माणसाला ही अजून छोटू म्हणते. बहीण ती, भावाची वकिली करणारच. मी ऐकून सोडून दिलं.

२१ फेब्रुवारी

सभा झाली. ठराव मंजूर, आणि यंदाची स्पर्धा नव्या नियमानं एप्रिलात पुन्हा घ्यायची! पण मनासारखा आनंद होत नाहीये, म्हणून लिहायला बसलो.

विरोध केला एकाच व्यक्तीनं, बँकेतल्या बाईंनी. त्या बँकेत हिशेब तपासतात आणि बोलतातही तशाच, आकडा मांडल्यासारखं. त्यांचा प्रोग्रॅम ग्राफिक्स कार्डावर चालतो. साध्या मशीनमध्ये तसलं कार्ड नसतं. त्या म्हणाल्या, "पोहणाऱ्याला आणि पळणाऱ्याला दोघांनाही रस्त्यावर उभं करायचं आणि शर्यत आता सरळ झाली म्हणायचं, असं का? मशीनला शोभेल असा प्रोग्रॅम लिहिणं हेही कसबच आहे."

मी म्हटलं, "तराजू एक असल्याशिवाय वजन कळत नाही."

त्या म्हणाल्या, "तराजूनं उंची मोजता येते का?"

लोक हसले. मीही हसलो, पण ते उत्तर अजून घशात अडकलंय. त्यांनी यंदा भाग न घेण्याचं तिथंच जाहीर केलं.

आणि मेहुण्यानं काय करावं? हात वर केला. ठरावाच्या बाजूनं! ज्याचं मोठं मशीन जाणार तोच हात वर करतो, म्हणजे यात काहीतरी काळंबेरं आहे. बाहेर पडताना गाठलंच त्याला. विचारलं, "तुझं नुकसान होतंय, कळतंय ना?"

"होऊ दे हो, भाऊजी," म्हणाला. "तुमच्या मनासारखं होतंय ना, मग झालं."

इतका गोडवा मला सहन होत नाही.

२ मार्च

नियम लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. पडलं म्हणजे, मीच मागून घेतलं. चार संध्याकाळी बसलो. मशिनं संगणक शिकवणीच्या वर्गाकडून आणायची. प्रत्येक पेटीला सील लावायचं. सील एकदा लागलं की स्पर्धा संपेपर्यंत पेटीला कोणी हात लावायचा नाही. कोणी कुठल्या मशीनवर बसायचं ते नाणेफेकीनं ठरवायचं.

तक्रारीचं कलम लिहिताना अध्यक्षांनी फोनवरून भर घातली. तक्रार फक्त हरलेल्यानंच करायची, आणि हॉल सोडायच्या आधी करायची. नंतर कोणाचंही काही ऐकणार नाही. म्हणाले, "मागच्या वर्षी एका सभासदानं मला मे महिन्यापर्यंत फोन केले."

तो सभासद मीच होतो, पण त्याचा इथं संबंध नाही. कलम चांगलं आहे. घातलं.

१८ मार्च

काही सुचत नाही. मुंगीत हात घालायचा नाही असं ठरवलं होतं, आणि आज सकाळी तेच केलं. एक ओळ बदलली, परत पहिल्यासारखी केली, परत बदलली. ऑफिसात एका भाजीवाल्याचं वजन दोनदा तपासलं. तो म्हणाला, "साहेब, कालच बघून गेलात की."

९ एप्रिल

मशिनं आली. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर हॉल आहे, तिथं मांडली. काळ्या, बसक्या पेट्या, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. मी दोन्हींवर एकच चाचणी चालवून बघितली. वेग तंतोतंत सारखा निघाला. इतकं समाधान मला ऑफिसात वर्षानुवर्षं मिळालेलं नाही.

सील माझं. कागदाच्या पट्ट्या आणि आमच्या खात्याचा गोंद. हा एकदा बसला की माणसाचं कातडं निघेल पण कागद निघणार नाही. खात्याचा गोंद बाहेरच्या कामाला वापरू नये, पण न्यायाचं काम बाहेरचं कसं?

प्रत्येक पेटीच्या स्क्रूवर एकेक पट्टी लावली आणि वर सही केली.

१२ एप्रिल

मुंगी जिंकतेय. वावटळही जिंकतेय. उद्या शेवटचा डाव, आमच्या दोघांतच.

पण आज संध्याकाळी एक प्रकार झाला. सगळे पांगले होते. मी छत्री विसरलो म्हणून परत वर गेलो, तर मेहुणा एकटाच मशीनजवळ उभा. पेटीवर हात ठेवून! मला बघून म्हणाला, "गार वाटतायत. बरी आहेत मशिनं." आणि शीळ घालत खाली गेला.

गार वाटतायत म्हणे. डॉक्टर लागून गेलाय.

मी सरळ पिशवीतला गोंद काढला. उद्याची दोन्ही मशिनं नव्यानं सील केली, आणि यावेळी स्क्रूवर थांबलो नाही. पहिल्या मशीनची पाठ भिंतीकडे होती, मध्ये जेमतेम चार बोटं जागा, तिथं हातच पोचेना, म्हणून पुढून आणि बाजूनं भागवलं. दुसरं मात्र मोकळं होतं. ते चारी बाजूंनी पक्कं केलं. मागची जाळीसुद्धा सोडली नाही, पट्टीला पट्टी लावून बंद करून टाकली. वायर घालायला फट राहिली तर माणूस वायर घालणारच. आता वारासुद्धा आत जाणार नाही.

१३ एप्रिल

जिंकलो.

परत लिहितो. जिंकलो! मुंगी जिंकली!

नाणेफेकीत मला भिंतीकडचं मशीन आलं, मेहुण्याला मोकळं. सुरुवातीला दोघी बरोबरीत होत्या. पडद्यावर दोघींचाही वेग दिसत असतो, सेकंदाला किती शक्यता तपासल्या त्याचा आकडा. तासाभरानं वावटळीचा आकडा उतरायला लागला. आधी थोडा, मग धाडकन. जेवणाच्या सुट्टीपर्यंत निम्म्याच्याही खाली. मुंगीचा होता तिथंच! मी मनात म्हटलं, बघा, मोठ्या मशीनच्या जिवावर उड्या मारत होती. चार पावलं स्वतःच्या पायानं चालायची वेळ आली आणि धाप लागली. खरंच धाप लागल्यासारखा आवाज येत होता तिच्या पेटीतून, पंखा नुसता कोकलत होता. प्रेक्षकांत हशा पिकला. मीच म्हणालो, "वावटळ रडायला लागली." ते जरा जास्त झालं.

मग तिनं घोडा नको तिथं नेला आणि मुंगीनं गाठलं.

डाव संपल्यावर मेहुणा उठला. पेटीच्या मागे हात नेला आणि झटकन ओढून घेतला. बोटांवर फुंकर घालत काही क्षण वाकून मागे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. दंतवैद्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, "काही तक्रार?"

"नाही," म्हणाला. आणि माझा हात हातात घेऊन, "मानलं, भाऊजी. छान खेळली मुंगी."

हरल्यावर बोटांवर फुंकर घालायची ही कुठली सवय, देव जाणे. पण माणूस दिलदार निघाला, हे कबूल करायला हवं.

१५ एप्रिल

चषक टीव्हीच्या वर ठेवलाय. ऑफिसात पेढे वाटले. झोप मात्र काही येत नाही, आणि आनंदानं येत नाही असंही नाही.

तो आकडा डोक्यातून जात नाही. वजन असं मध्येच उतरत नाही. माल तोच, काटा तोच, मग आकडा का हलला? दुकानात असं झालं असतं तर मी आधी काटा उघडला असता.

बायकोला म्हटलं, "छोटूचा फोन आला होता का?" ती म्हणाली, "आला होता. बोटाला फोड आलाय म्हणाला, टायपिंग जमत नाही दोन दिवस." आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "बर्फ लावायला सांग." ती आत गेली.

१९ एप्रिल

मशिनं परत द्यायची होती. सील काढायचं ते लावणाऱ्यानंच, असं माझंच कलम. कात्री, ओलं फडकं घेऊन गेलो.

भिंतीकडच्या मशीनच्या पट्ट्या निघाल्या, कागद पांढराच. मोकळ्याची मागची बाजू वळवली, तर पट्ट्या करपून तपकिरी झालेल्या आणि गोंद वितळून जाळीच्या आत ओघळलेला. शिकवणी वर्गाचा माणूस सोबत होता. तो म्हणाला, "ही जाळी कोणी बंद केली हो? इथूनच तर गरम हवा बाहेर पडते. तापलं की मशीन आपोआप हळू चालतं, नाहीतर जळूनच जायचं."

हे मला माहीत नाही का? चौदा वर्षं मशीनशी खेळतोय मी. शेजारच्या मुलीला गेल्याच महिन्यात सांगितलं होतं की लॅपटॉप गादीवर ठेवू नकोस. पण हातात सील असलं की मी तपासनीस असतो, आणि तपासनिसाला फट दिसली की ती बुजवायचीच असते. मेहुणा हातचलाखी करेल म्हणून पहारा बसवला आणि कुंपणानंच शेत खाल्लं. प्रत्येक पट्टीवर माझी सही होती, करपलेली पण वाचता येण्यासारखी.

म्हणजे पारड्याखाली अंगठा होता. माझाच होता.

मी हॉलच्या पायऱ्यांवर बसून राहिलो. लाज वाटली, इतकी की वर्गाच्या माणसाला पेट्या खाली न्यायला मदतही केली नाही. आणि लाजेच्या खाली दुसरंच काही तरी होतं. एकदाच कळायला हवं होतं, ते अजूनही कळलेलं नाही.

२० एप्रिल

दंतवैद्यांकडे गेलो. सगळं सांगितलं, करपलेली पट्टी दाखवली. चषक पिशवीत नेला होता, तो टेबलावर ठेवला.

त्यांनी पट्टी उलटसुलट करून बघितली. म्हणाले, "तक्रार हरलेल्यानं करायची, हॉल सोडायच्या आधी. कलम तुमच्याच अक्षरात आहे."

"पण मी जिंकलेला तक्रार करतोय!"

"म्हणून तर घेता येत नाही. उद्या जिंकलेले तक्रारी करायला लागले तर मंडळ चालायचं कसं?"

मी बराच वाद घातला. बाहेर पेशंट खोळंबले होते. शेवटी त्यांनी चषक परत माझ्या पिशवीत घातला आणि म्हणाले, "तुमचे नियम चांगले आहेत हो. कुठून पळवाटच नाही."

चषक घेऊन परत. बसमध्ये मांडीवर.

२१ एप्रिल

सकाळीच मेहुण्याकडे गेलो. म्हटलं, "तूच तक्रार कर. म्हण की तेव्हा बोलायचं राहून गेलं."

तो चहा गाळत होता. म्हणाला, "हरलो म्हणजे हरलो, भाऊजी. जाऊ द्या ना."

"तुला तेव्हाच कळलं होतं. बोट भाजलं तुझं. गप्प का बसलास?"

"पट्ट्या तुमच्या, सही तुमची. बोललो असतो तर सगळ्यांसमोर तुमचीच फजिती झाली असती. आणि तुमचा चेहरा बघितला मी. इतके खूश तुम्ही ताईच्या लग्नातसुद्धा नव्हता."

मला संतापच आला. दया नको होती मला. मी म्हणालो, "तुझं मोठं मशीन बंद पाडायला मी नियम आणला, आणि तू माझ्यावर उपकार करतोस?"

त्यानं गाळणी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "ते मशीन मला दोन वर्षांपूर्वीच बंद झालं. खात्यानं खासगी कामाला मनाई केली."

"मग वायर?"

"चार्जरची असते ती."

कपाटावरून त्यानं लॅपटॉप काढून दाखवला. बिजागरी मोडलेली, झाकण पुस्तकाला टेकवून उभं ठेवायचं. गेली दोन वर्षं वावटळ यावर खेळली. माझी टेबलाकडची पेटी याच्या दुप्पट दमाची आहे. बायको मागेच म्हणाली होती. मी ऐकून सोडून दिलं होतं, ते वर लिहिलेलंच आहे.

"सांगायचंस ना मला," मी म्हणालो.

"तुम्ही इतके दिवस त्या मशीनला शिव्या घालत होता. म्हटलं, घालू द्या. मला घालण्यापेक्षा बरं."

चहा गार झाला. तो मी तसाच प्यायलो.

२३ एप्रिल

रविवार. मेहुण्याला जेवायला बोलावलं आणि येताना लॅपटॉप आण म्हटलं. मी सकाळपासून फोनवर होतो. शिकवणी वर्गाकडून तीच दोन मशिनं तासाभरासाठी मिळतील का, यासाठी. रविवारी वर्ग बंद. मग माझ्या पेटीचा वेग निम्म्यावर कसा आणता येईल त्याचं गणित मांडायला लागलो.

मेहुणा बूट काढता काढता म्हणाला, "अंगण राहू द्या हो, भाऊजी. नाचूया."

बायको इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं.

टेबलावर एका टोकाला माझी पेटी ठेवली, दुसऱ्या टोकाला पुस्तकाला टेकवलेला त्याचा लॅपटॉप, मध्ये पट. सील नाही, नाणेफेक नाही. पेटीची मागची बाजू मी आधी हात लावून बघितली. गार होती.

सुरुवात बरी झाली. मग पडद्यावर, डाव आपल्या बाजूला किती झुकलाय याविषयीचं मुंगीचं स्वतःचंच मत उतरायला लागलं. थोडं, मग अजून थोडं. वेग तिचाच जास्त होता, दुप्पट. बघायला ती जास्तच बघत होती, पण बघून चुकीचं ठरवत होती. मी खुर्चीवरून उठलो, खिडकीशी गेलो, परत आलो. बायको वरणाला फोडणी द्यायची थांबली होती.

मेहुण्यानं माझ्याकडे बघितलं आणि लॅपटॉपच्या झाकणाकडे हात नेला. "भूक लागलीय. बरोबरी म्हणूया का?"

मी त्याचा हात धरला. म्हटलं, "चालू दे."

मुंगी हरली. तिच्याच प्याद्यांच्या मागे राजा कोंडून मेला.

जेवण झाल्यावर मी मेहुण्याला विचारलं, कुठं चुकतं तिचं? चार वर्षांत हा प्रश्न मी त्याला एकदाही विचारला नव्हता. तो म्हणाला, "मुंगीला राजाची फार काळजी, भाऊजी. सगळी प्यादी त्याच्या दाराशी उभी करते आणि एकही पुढे सरकू देत नाही. मग राजालाच बाहेर पडायला जागा उरत नाही. मी दर वर्षी त्याची वाट बघतो."

चौदा वर्षांपूर्वीची ओळ आहे ती. मीच लिहिलेली, पहिल्याच आठवड्यात, फार विचार करून. तिला मी कधी हात लावला नव्हता, कारण तीच सगळ्यात पक्की वाटायची.

आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत बसलो. त्यानं बँकेतल्या बाईंचा नंबर दिला आणि म्हणाला, त्यांना हे जास्त कळतं. फोन केला. आधी पुढच्या वर्षी कार्ड घेऊन या म्हणून सांगितलं, नियम बदलायला मी सभेत उभा राहीन. मग मुंगीचं विचारलं. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पाठवा तुमचं सगळं, बघते." मी थोडा घुटमळलो. मुंगी आजवर कोणाला उघडून दाखवली नाही.

पाठवली.

चषक बायकोनं टीव्हीवरून काढून आत ठेवलाय. मुंगी कशी आहे ते आता मला माहीत आहे. छातीत दुखतंय थोडं, पण हे दुखणं स्वच्छ आहे. उद्या सकाळी त्या ओळीपासून सुरुवात करायची.